गंज, चिंच आणि राख

(द्वितीय वर्ष, कला)

लोखंड वापरले तर झिजते आणि ठेवले तर गंजते, असे आमच्याकडची जुनी माणसे म्हणतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला याचा चांगलाच प्रत्यय आला. माझी आई दुसऱ्यांच्या शेतावर खुरपणीला जाते. पावसाळ्यात वळचणीला खोचून ठेवलेले तिचे खुरपे खाली काढले, तर पाते गंजाने तांबडे झालेले. दोन दिवसांवर कांद्याची खुरपणी आली होती. नवे खुरपे घ्यायचे म्हणजे रोजाच्या पैशांत तूट. "कॉलेजात शिकतेस ना? मग काढ की गंज," आई सहज म्हणाली. मला मात्र ते लागले.

गंज म्हणजे काय, हे मी शाळेत पाठ केले होते. लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू ही दोन्ही मिळाली की गंज चढतो. मिठाचा अंश असेल तर तो अधिक वेगाने चढतो. म्हणूनच समुद्रकाठी लोखंड लवकर खराब होते. गंजाचा थर भुसभुशीत असतो. तो आतल्या लोखंडाचे रक्षण करीत नाही, उलट ओल धरून ठेवतो. चिंचेत टार्टरिक आणि लिंबात सायट्रिक आम्ल असते. ही आम्ले गंज विरघळवितात. पितळेची भांडी आपण चिंचेने घासतो, तेही याच गुणामुळे.

एवढ्या ज्ञानावर मी खुरपे रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवले. सकाळी पुसले, तर पाते लख्ख! मी ते ऐटीत ओट्यावर ठेवले. दुपारी पाहते तो त्यावर पुन्हा तांबूस साय धरलेली. आजी हसून म्हणाली, "अगं, उघड्या अंगाला वारा लागणारच. राख कुठं लावलीस? तेल कुठं दिलंस?"

मग आजीच्या देखरेखीखाली सारे पुन्हा केले. ती रीत अशी :

१) सुटणारा गंज आधी नारळाच्या काथ्याने खरवडून काढावा.

२) चिंचेचा दाट कोळ फक्त पात्याला लावावा, लाकडी मूठ भिजवू नये. दोन-तीन तासांनी घासून पाहावे व गरज वाटल्यास पुन्हा लावावा. रात्रभर ठेवू नये, कारण गंज संपला की आम्ल चांगले लोखंडही खाऊ लागते.

३) पाण्याने धुऊन चुलीतली लाकडाची राख चोळावी. राखेने घासले जाते, शिवाय ती अल्कधर्मी असल्याने उरलेले आम्लही मारले जाते.

४) पुन्हा धुऊन लगेच कोरडे पुसावे, उन्हात तापवावे आणि तेलाचा पातळ हात द्यावा. तेलामुळे पाणी व हवा लोखंडापर्यंत पोहोचत नाही.

गंजलेल्या लोखंडी तव्याला मीठ आणि लिंबाची फोड चोळली तरी चालते. मात्र मीठ पूर्ण धुऊन काढावे. नंतर तवा चुलीवर सुकवून, तेल पुसून तापवावा. तेलाचा काळा, घट्ट थर बसतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीला मात्र चिंच-लिंबू लावू नये. आम्लाने तो मुलामाच विरघळतो आणि आतले लोखंड उघडे पडते.

आई ठरल्या दिवशी तेच खुरपे घेऊन कामाला गेली. संध्याकाळी परतल्यावर तिने ते स्वतःच धुतले, पुसले आणि तेलाची बाटली मागितली. आम्ल आणि अल्क हे शब्द आजीला ठाऊक नाहीत, पण कशानंतर काय करावे हे तिला ठाऊक आहे. मला शब्द ठाऊक होते, क्रम ठाऊक नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकलेले घरी नेताना घरातलेही शिकून घ्यावे लागते, एवढे त्या खुरप्याने मला शिकविले.