गोष्ट कोण सांगतंय?

कोल्हापूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. दोन्ही कथा आणि कवितांची वही वाचून झाली. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस की लिहायला शिकता येतं, का ते मुळात अंगातच असावं लागतं? योग्य गावाला पत्र टाकलंस. या प्रश्नावर कोल्हापुरात नव्वदेक वर्षांपूर्वी रीतसर पुस्तक लिहून झालं आहे.

ना. सी. फडके राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवायचे. १९३१ साली त्यांचं 'प्रतिभासाधन' आलं. कथानक कसं रचायचं, पात्रं कशी उभी करायची, वाचकाची उत्कंठा कशी टिकवायची, हे सगळं त्यांनी शिकता-शिकवता येणारी विद्या म्हणून मांडलं. पुढे १९३८ मध्ये वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळामास्तरकी सोडून सिनेमाच्या पटकथा लिहायला कोल्हापुरात आले. मग एकाच गावात दोन टोकं झाली. फडके कलेसाठी कला म्हणणारे, खांडेकर जीवनासाठी कला म्हणणारे. फडके १९४९ मध्ये निवृत्त होईपर्यंत दोघे याच शहरात होते आणि अख्खा महाराष्ट्र त्यांच्या वादात बाजू घेत होता.

नव्याने लिहिणाऱ्याने त्या वादात लगेच उडी घ्यायची गरज नाही. त्याच्या आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो आणि तुझ्या दोन्ही कथा नेमक्या तिथेच अडल्या आहेत. गोष्ट कोण सांगतंय?

तुझी पहिली कथा बघ. सून चुलीपुढे बसली आहे आणि तिला माहेर आठवतंय. पुढच्याच वाक्यात सासूला वाटतं की पोरगी कामचुकार आहे. त्यापुढच्या वाक्यात दारातून आत येणाऱ्या नवऱ्याला दोघींची कीव येते. एका परिच्छेदात तीन डोक्यांत शिरून आलीस आणि वाचकाला कुणाच्याच शेजारी नीट बसू दिलं नाहीस. सासूच्या मनातलं आम्हाला आधीच कळलं, त्यामुळे सुनेला तिची भीती वाटते तेव्हा आम्हाला ती वाटत नाही. कथा फक्त सुनेकडून सांगितली असतीस, तर सासूचं गप्प बसणंसुद्धा अंगावर आलं असतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका मास्तरांनी हे कसं केलं ते सांगतो. शिवाजी सावंत आजऱ्याचे, १९४० चा जन्म. कोल्हापूरच्या राजाराम प्रशालेत ते शिकवत होते आणि शाळा सांभाळून कर्णावर लिहीत होते. १९६७ साली 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचं वय सत्तावीसच्या आसपास. महाभारत घराघरात तोंडपाठ, कर्ण कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, शेवट सगळ्यांना माहीत. अशा गोष्टीत वाचकाला गुंतवायचं कसं? सावंतांनी कादंबरीचे नऊ भाग केले आणि ते सहा जणांच्या तोंडी दिले. कर्ण स्वतः चार वेळा बोलतो. बाकीचे पाच भाग कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांचे. कुंतीला जन्माचं गुपित पहिल्यापासून माहीत असतं, पण ते उच्चारायची सोय नसते. दुर्योधनाला कर्ण हवा असतो तो अर्जुनावर उतारा म्हणून. शोणाला तो फक्त आपला दादा असतो. माणूस तोच, पण प्रत्येकाच्या पदरात त्याचा वेगळा तुकडा पडलेला. एका सांगणाऱ्याला जे ठाऊक नाही ते दुसऱ्याला ठाऊक आहे आणि वाचक दोघांच्या मध्ये बसून तळमळतो. माहीत असलेल्या गोष्टीत उत्कंठा आली ती या वाटपातून.

खांडेकरांच्या १९५९ च्या 'ययाती'तही हीच युक्ती आहे. तिथे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. या कादंबरीला साहित्य अकादमी मिळाला आणि पुढे खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ, मराठीतला पहिला. दोन्ही पुस्तकं तू वाचलेली असशील. आता पुन्हा वाचताना एकच गोष्ट कर. प्रत्येक भागाच्या शेवटी थांब आणि या माणसाला काय ठाऊक नव्हतं, ते वहीत लिही.

सांगणारा ठरला की त्याची भाषा ठरते, आणि इथे आपल्याकडच्या पोरांची मोठी पंचाईत होते. शाळेत दहा वर्षं निबंधाची भाषा गिरवलेली असते. तुझ्या कथेतली आजी कागलजवळच्या खेड्यातली, कधी शाळेत न गेलेली, आणि ती म्हणते, "मी आत्ताच येते आहे, भाकऱ्या करते आहे." सोनू, तुझी स्वतःची आजी असं बोलते का? ती म्हणते, "आलो गं, भाकऱ्या थापालोय." आपल्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी जातो' म्हणतात, हे पुण्याच्या मैत्रिणींना ऐकून हसू येत असेल. येऊ दे. त्या एका 'आलो'त आजीचं गाव, वय, वावर सगळं आलं. ते तू खोडून शुद्ध केलंस आणि आजी कथेतून उठून गेली.

बोली वापरायची तर किती, हा पुढचा प्रश्न. याची दोन उत्तरं आपल्याच मातीत मिळतात. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील बहुतेक ठिकाणी निवेदन स्वतःकडे ठेवून माणसांना त्यांच्या बोलीत बोलू देतात. त्यांची कथा कथाकथनाच्या फडात मोठ्याने सांगितली जायची. द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासोबत त्यांनी गावोगावी मैफली रंगवल्या. कानाला खोटा वाटलेला संवाद तिथे समोरच्या गर्दीत लगेच पडतो. कागलचे आनंद यादव 'गोतावळा'त (१९७१) त्याच्याही पुढे गेले. तिथे सांगणारा नारबा हा शेतावरचा गडी, आणि सगळी कादंबरी त्याच्याच बोलीत आहे. शेतावर ट्रॅक्टर येतो आणि ज्या जनावरांत नारबाचा जीव गुंतलेला आहे ती एकेक करून जातात. हेच एखाद्या शहरी पाहुण्याने सांगितलं असतं तर यांत्रिकीकरणावरचा लेख झाला असता. नारबा सांगतो म्हणून ते घरातल्या माणसांचं जाणं होतं.

कृष्णात खोतांची 'रिंगाण' शोधून वाच. २०२३ चा साहित्य अकादमी तिला मिळाला. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशी, हा तिचा विषय. किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' (२०२१ चा साहित्य अकादमी) तुझ्यासारख्या, खेड्यातून शिकायला शहरात गेलेल्या पोरांना आरशात बघितल्यासारखं वाटेल. राजन गवसांनी 'चौंडकं' लिहिली ती देवाला सोडलेल्या मुलीवर. तिन्ही लेखक आपल्या जिल्ह्यातले. पण एकाची भाषा दुसऱ्याला चालणार नाही, कारण सांगणारी माणसं वेगळी.

आता तुझी दुसरी कथा, गुऱ्हाळाची. तू लिहिलंस, "गुऱ्हाळघरात सर्वत्र गोड सुगंध दरवळत होता आणि कामगार घाम गाळत होते." हे वाक्य गुऱ्हाळ न बघितलेला माणूससुद्धा लिहू शकेल. तू तर दर हिवाळ्यात गुऱ्हाळावर पडीक असायचीस. चुलवाणात चिपाड सारणारा माणूस जाळाकडे तोंड करून बसत नाही, मान वळवून सारतो. काहिलीवर मळी आली की ती झाऱ्याने काढतात, रानभेंडीचा चिकट रस घालतात, मळी आणखी वर येते. मग गुळव्या उकळत्या पाकातला थेंबभर भाग गार पाण्यात टाकतो, बोटांनी चाचपतो आणि त्याची गोळी वळते का बघतो. तेवढ्यात कुणी त्याच्याशी बोलत नाही. त्या क्षणात चूक झाली तर सगळी काहील वाया, आणि दोष एकट्या त्याचा. तुझी कथा इथे आहे. आता ठरव, ती कोण सांगणार. गुळव्या? त्याच्या हाताकडे बघणारा मालक? चिपाड सारणारा, ज्याला गुळव्या व्हायचंय? की लाकडाच्या ढिगाऱ्यावर बसून गरम गूळ चाटणारी एक पोर? चौघांना चार वेगळ्या गोष्टी दिसतील. सुगंध दरवळल्याचं मात्र चौघांपैकी एकही जण म्हणणार नाही.

कवितांच्या वहीकडे वळतो. सगळ्या कविता मुक्तछंदात आहेत. त्याला हरकत नाही, पण तुझ्या ओळी जिथे तुटतात तिथे का तुटतात, हे तुला सांगता येईल का? छंद एकदा हाताखालून जाऊ दे, मग खुशाल मोडायचा. राजाराम कॉलेजातच माधव जूलियन होते. त्यांच्या 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी वृत्तांचा आणि छंदांचा पायापासून विचार आहे, आणि त्याबद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट. दिली. तो ग्रंथ आज लगेच उघडू नकोस, घाबरशील. त्याआधी मोठ्या अभंगाचा साचा घे. पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. या साच्यात एसटी स्टँडवरची गर्दी बसवून बघ. नंतर मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात घे, ते तर लहानपणापासून कानात आहे, आणि त्यात हॉस्टेलच्या मेसमधली आमटी लिही. हसू येईल असंच लिही. अक्षरं मोजता मोजता कुठला शब्द फुकटचा आहे हे कळायला लागतं, आणि तीच नजर पुढे मुक्तछंदात कामी येते.

कवितेतही बोलणारा कोण हा प्रश्न सुटत नाही. तुझ्या वहीतल्या प्रत्येक कवितेतला 'मी' एकच आहे, वीस वर्षांची, उदास, खिडकीत बसलेली. जगदीश खेबुडकरांकडे बघ. हळदीचे, पेशाने शिक्षक. गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत घर जळालं तेव्हा सोळाव्या वर्षी त्यांनी पहिली कविता लिहिली, म्हणजे सुरुवात स्वतःच्याच दुःखातून झाली. पण ते तिथे अडकले नाहीत. १९७२ या एकाच वर्षी 'पिंजरा' आला आणि 'आम्ही जातो अमुच्या गावा'ही आला. एका चित्रपटात फडावरची बाई बोलते, दुसऱ्यात देवापुढे उभा राहिलेला माणूस, आणि दोघांचे शब्द एकाच मास्तरांचे. तूही दुसऱ्याच्या तोंडची एक कविता लिहून बघ. रंकाळ्यावर भेळ विकणारा घे किंवा तुमच्या हॉस्टेलचा वॉचमन घे.

चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ बारीक अक्षरात होती, इंजिनिअरिंग सोडून पूर्णवेळ लिहायचं मनात आहे म्हणून. आईला ती दाखवलेली नाही. आपल्याकडच्या लेखकांची पोटापाण्याची यादी तेवढी वाच. खांडेकर शिरोड्याला अठरा वर्षं मास्तर होते. सावंत मास्तर, खेबुडकर मास्तर. गदिमा उमेदवारीच्या काळात खांडेकरांचे लेखनिक होते, दुसऱ्याची वाक्यं उतरवून घेता घेता शिकले. निपाणीचे महादेव मोरे पिठाच्या गिरणीत दळण दळत दळत लिहीत राहिले, आणि टॅक्सीवाले, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बायका त्यांच्या पानावर आल्या. गिरणीत दळण घेऊन येणारं माणूस थांबून चार गोष्टी बोलतंच. वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या पोरीची कथा मराठीत मी अजून वाचलेली नाही. डिग्री पुरी कर.

छापण्याची घाई करू नकोस. दिवाळी अंकांचं साहित्य साधारण पावसाळ्यातच मागवतात, तेव्हा यंदाचं राहू दे, पुढच्या वर्षीची तयारी ठेव. एका वेळी एकच कथा एकाच अंकाला पाठव, स्वतःकडे प्रत ठेव आणि साभार परत आली तर महिनाभर तिच्याकडे बघू नकोस. पैसे मागून पुस्तक छापून देतो म्हणणारा कुणी भेटला तर आधी मला फोन कर. पाठवण्यापूर्वी कथा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव. आजी उत्तम. तिला कंटाळा आला की ती सरळ उठून जाते.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. सुट्टीत आलीस की तुझं नाव तिथे घालू. यादी पाठवत नाही, कारण यादी दिली की ती संपवण्याचीच घाई होते. आनंद यादवांच्या 'झोंबी'पासून सुरुवात कर. शाळेसाठी बापाशी झुंजणाऱ्या पोराची ती हकीकत आहे आणि सांगणारा तो पोरगाच आहे.

दिवाळीला येताना गुऱ्हाळाची कथा नव्याने लिहून आण. चौघांपैकी एकच सांगणारा निवड, आणि त्याला जे दिसत नाही ते एकही वाक्य आत येऊ देऊ नकोस. गुळव्याबद्दल काही अडलं तर आजोबांना विचार, ते तरुणपणी दोन हंगाम चुलवाणावर होते. आईला त्या बारीक अक्षरातल्या ओळीबद्दल मी काही बोललेलो नाही, ते तूच बोल.

कळावे,
तुझा मामा