आमच्या पोरीले काम कोन्तं?

भाऊ, ताई, वर्गातल्या पोरांनी मिळून पाच-सहा मिनिटांचा सिनेमा करायचं ठरवलं, ही बातमी घरी पोचली की दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमच्या पोरीले काम कोन्तं देलं?" उत्तर 'आवाज' किंवा 'संकलन' असं निघालं की समोरचा चेहरा पडतो. "म्हंजे ते दिसनारच नाही काय त्याच्यात?"

नाही दिसणार. आज बसून बोलायचं आहे ते याच्याचबद्दल.

आपल्याकडचा पहिला मोठा सिनेमा दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. 3 मे 1913 रोजी तो मुंबईत गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. त्यात राजा झाले दत्तात्रय दाबके आणि तारामती झाले साळुंके नावाचे गृहस्थ, कारण बाई मिळाली नव्हती. ही नावं पडद्यामुळे टिकली. पण त्या सिनेमाचं निम्मं ओझं ज्यांनी उचललं त्या सरस्वतीबाई फाळके पडद्यावर कुठेच नाहीत. त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 1912 मध्ये, फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडी थोडी फिल्म फिरवत त्याचा वेल होईपर्यंतचं चित्रण केलं. ते पाहून लोकांनी पैसे द्यावेत हा हेतू. महिनाभराच्या कामाचा सिनेमा जेमतेम मिनिटभराचा. तेव्हा तुमची लेक चार दिवस हातात फोन धरून बसली आणि शेवटी तिचं काम वीस सेकंदच दिसलं, तर दिवस वाया गेले असं म्हणू नका. या धंद्याचा हिशोब पहिल्यापासून असाच आहे.

अलीकडचं सांगतो. 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या लघुपटांच्या विभागात पहिलं बक्षीस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला मिळालं. वर्तमानपत्रात नाव गाजलं दिग्दर्शक चिदानंद नाईक यांचं. (गृहस्थ आधी डॉक्टर, हे 'नीट'वाल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो.) पण त्या सोळा मिनिटांच्या सिनेमाचं काम विद्यार्थ्यांच्या गटाने वाटून घेतलं होतं. दिग्दर्शन एकाकडे, कॅमेरा दुसऱ्याकडे, संकलन तिसऱ्याकडे, आवाज चौथ्याकडे. यातला एक जरी ढिला पडला असता तरी कानचं तिकीट लागलं नसतं. आपले नागराज मंजुळेही 'फँड्री', 'सैराट'च्या आधी अहमदनगरच्या कॉलेजात शिकत होते, 'पिस्तुल्या' हा लघुपट तिथलाच, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यावरून तुमचा पोरगा नागराज होईल असं मी म्हणत नाही. बहुतेक पोरं होणार नाहीत, आणि त्यासाठी हे करायचंही नाही.

मग कशासाठी करायचं? गोष्ट निवडण्यापासून बघू.

आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना सिनेमा म्हटलं की आधी लोणारचं सरोवर दिसतं. त्याखालोखाल सिंदखेडराजाचा राजवाडा. आणि दोन्हीकडे ड्रोन! मी समजावतो, बापहो, सरोवर अभयारण्यात येतं, राजवाडा संरक्षित स्मारक आहे, तिथे ट्रायपॉड मांडून चित्रीकरण करायचं तर आधी परवानगीचे कागद लागतात. लोणारचं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाने त्याचे फोटो पाहिले. त्याहून वेगळं तुम्ही काय दाखवणार? मग पुढची मागणी भुताच्या वाड्याची, तिच्या पुढची गुंडांच्या मारामारीची. हे सगळं ओसरायला दोन-तीन बैठका जातात आणि त्या जाऊ द्याव्यात. त्यानंतर कुणीतरी हळूच स्वतःच्या घरचं काहीतरी काढतं.

एका गटात असंच झालं. एका पोराने सांगितलं की हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की शेतीची लाइन रात्री असते, बाबा बारा-एकला उठून मोटर सुरू करायला जातात आणि आई ते परत येईस्तोवर झोपत नाही, नुसती पडून असते. वर्ग गप्प झाला, कारण निम्म्या घरांत हेच चालतं. सिनेमा तिथेच ठरला. सदानंद देशमुखांनी 'बारोमास'मध्ये आपल्याकडच्या शेतकऱ्याचं घर मांडलं, साहित्य अकादमीचा पुरस्कार आला, पुढे त्यावर सिनेमाही निघाला. ते पोरांना सांगितलं तेव्हा त्यांना पटलं की आपल्या घरातही 'स्टोरी' असते.

आता अडचण अशी की नववीच्या पोरांना मध्यरात्री शेतात नेणार कोण? कुणीच नाही. साप, विंचू, उघड्या वायरी, सगळंच आहे. इथे पोरांचं डोकं चाललं. शेत दाखवायचंच नाही असं त्यांनी ठरवलं. सगळी गोष्ट घरात घडवायची. दिवसाही खोलीची खिडकी गोधडीने झाकली की रात्र होते. बाहेरून मोटरचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, आणि शेवटी उंबऱ्यापाशी चिखलाने भरलेल्या चपला. बाबा दिसतच नाहीत, त्यांच्या चपला दिसतात.

बघा, म्हणजे अर्धा सिनेमा आवाजावर आला. आणि आवाज कुणाकडे होता? "दिसनारच नाही काय" म्हणून जिच्या आईने नाराजी धरली होती, त्या पोरीकडे. तिने दुपारी बापाबरोबर जाऊन दुसऱ्या एका फोनवर मोटरचा आवाज घेतला. वारा सुटला होता म्हणून सगळं घरघर आलं. दुसऱ्या दिवशी फोनला सुती रुमाल गुंडाळून, वाऱ्याकडे पाठ करून पुन्हा घेतला. चित्रीकरणाच्या जागी कुणीही बोलत नसताना रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेवायचा असतो, म्हणजे संकलनात दोन संवादांमधली फट भरता येते. हे तिला सांगितलं तर तिने पंखा बंद करून, कोंबड्या हाकलून, सगळ्यांना ओट्यावर बसवून तो घेतला. तिची आजी म्हणाली, "काहून सारे मुके बसले बाप्पा?" तेही रेकॉर्डमध्ये आलं.

गटाचं काम म्हणजे भांडणं, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याचा फोन त्याला वाटतं कॅमेरा आपलाच. जो मोठ्याने बोलतो तो दिग्दर्शक होऊ पाहतो. एक जण पहिल्या दिवशी येतो, दुसऱ्या दिवशी मामाच्या गावी मेहकरला निघून जातो, आणि त्याचा शर्ट आधीच्या दृश्यात आलेला असतो. पोरगं रडत घरी आलं तर कृपा करून दुसऱ्या पोराच्या बापाला फोन लावू नका. ते भांडण त्यांचं आहे. चौघांनी मिळून एकाला 'तुझं चुकलं' म्हणायचं, त्याने ते ऐकायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळ्यांनी हजर व्हायचं, हे कुठल्याच धड्यात नाही. मारामारी, शिवीगाळ किंवा एखाद्या पोरीला त्रास असं काही असेल तर मात्र थेट मला सांगा, वेळ-काळ बघू नका.

तारखांचं तुमच्याशी बोलूनच ठरवतो. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना पोरगं मोकळं ठेवणं परवडत नाही, मजुरीचे भाव मला माहीत आहेत. म्हणून लिहिणं, चित्रं काढून दृश्यं ठरवणं, कोणाकडे काय सामान आहे याची यादी, हे सगळं शाळेच्या वेळात होतं. कागदावरचं काम पक्कं असेल तर प्रत्यक्ष चित्रीकरण दोन रविवारांत उरकतं. उन्हाळ्यावर ढकलू नका. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन पोरांना सोसवत नाही आणि फोनलाही. तापला की बंदच पडतो. शिवाय दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी नऊच्या आत नाहीतर चारच्या पुढे, एवढंच चांगलं येतं.

फोन कुणाचा तरी द्यावा लागेल, आणि भीती वाटते ती त्याचीच. रास्त आहे. देण्याआधी बँकेचं, पैसे पाठवण्याचं ॲप कुलूपबंद करा, घरचे फोटो दुसरीकडे हलवा, जागा रिकामी करा. साध्या चित्रणालाही अर्ध्या तासाला तीन-चार जीबी सहज लागतात. नवा फोन घेऊन देऊ नका. महागडा कॅमेरा तर मुळीच नाही. मऊ कापडाने भिंग पुसलेला जुना फोन आडवा धरून विटांच्या ढिगावर टेकवला, तर हात हलवत घेतलेल्या नव्या फोनपेक्षा चित्र चांगलं येतं.

आणि एक बोललंच पाहिजे. मुलींना कॅमेऱ्यापुढे उभं राहू देता, कारण ते स्नेहसंमेलनासारखं वाटतं. पण दिग्दर्शन करायचं म्हटलं, चित्रणासाठी दुसऱ्याच्या घरी जायचं म्हटलं, की "घरी काम आहे" असा निरोप येतो. फाळक्यांची लेक मंदाकिनी 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती. शंभर वर्षं उलटून गेली त्याला, आता मुलींना कॅमेऱ्यामागेही येऊ द्या. आम्ही चित्रीकरणाच्या दिवशी एक बाई सोबत ठेवतो, सहाच्या आत मुली घरी पोचतात. त्या दिवसापुरते भांडे भावाने घासले तर काही बिघडत नाही.

आता संकलन. पोरांचा खरा कस लागतो तो इथे, आणि घरी नेमकं हेच सगळ्यात कमी दिसतं. तुम्हाला वाटतं पोरगं कम्प्युटरपुढे एकच तुकडा पन्नास वेळा बघत बसलंय. बसू द्या. त्या गटाकडे पाऊण तासाचं चित्रण होतं आणि सिनेमा करायचा होता सहा मिनिटांचा. म्हणजे बहुतेक सगळं टाकायचं. कॅमेरावाल्या पोराने लिंबामागे बुडणारा सूर्य घेतला होता, फारच देखणा. त्यासाठी तो तीन संध्याकाळी पत्र्यावर चढून बसला होता. पण आई रात्री जागी पडून आहे, तिथे सूर्य कशाला? बाकीचे म्हणाले, काढ. तो म्हणाला, मग माझं नावच काढा. दोन दिवस तो बोलला नाही. मी मध्ये पडलो नाही, फक्त म्हटलं की दोन्ही प्रकारे जोडून बघा आणि तिसऱ्याच वर्गातल्या पोरांना दाखवा. दाखवलं. त्यांना सूर्यापाशी वाटलं की सिनेमा संपला, सकाळच झाली, आणि ती चुळबुळ करू लागली. ते पाहून त्याने स्वतःच तो तुकडा काढला. काढला म्हणजे कायमचा पुसला नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. मूळ चित्रण दोन जागी जपून ठेवायचं हा आमचा नियमच आहे.

उलटही घडलं. आजीचा खोकला मध्येच आला म्हणून सगळे तो कापायला निघाले होते. आवाजवाली पोरगी अडून बसली: रात्री घरात खोकला असतोच, तो काढला तर ते घर वाटणार नाही. खोकला राहिला. आता बोला, चेहरा कुठेही न दिसता तिने त्या सिनेमात काय केलं? तिच्या आईला हे मी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तरी एखांद्या ठिकानी दिसली असती त बरं झालं असतं." तेही मला समजतं. शेवटच्या पाटीवर तिचं नाव मोठ्या अक्षरात आहे, ते बघा.

गाण्यांचा हट्टही मोडावा लागतो. मोबाइलवरची फिल्मी गाणी मागे लावायची नाहीत, ती दुसऱ्यांच्या मालकीची असतात. तुमच्या घरी कुणाला दळणाच्या ओव्या येत असतील, भजनी मंडळात कुणी मृदंग वाजवत असेल, तर पोरांना ऐकवा, त्यांना विचारून घेऊ द्या.

सिनेमा पुरा झाला की शाळेच्या सभागृहात दाखवतो. तुम्ही यालच. घरी गेल्यावर "तू कुठं होती?" असं विचारण्याऐवजी विचारा, "ते चपलांचं कोणाला सुचलं? काय काय काढून टाकलं?" पोरगं तासभर बोलेल. आवडला नाही तर तसंही सांगा, पण नेमकं कुठे कंटाळा आला ते सांगा. त्यांना त्याची सवय झालेली असते.

एक मात्र घाईने करू नका. फाइल हातात पडली की लगेच यूट्यूबवर किंवा गावाच्या ग्रुपवर टाकायची नाही. त्यात शेजारच्या काकूंचं घर आहे, कुणाची आजी आहे, दुसऱ्यांची लेकरं आहेत. ज्यांचा चेहरा, आवाज, घर त्यात आलं आहे त्या प्रत्येकाला पोरं आधी सिनेमा दाखवतील आणि विचारतील. मुलांच्या बाबतीत त्यांच्या पालकांची सही घेतली जाईल. एकाने जरी नको म्हटलं तर तो भाग निघेल किंवा सिनेमा शाळेतच राहील. संमतीचा कागद या आठवड्यात दप्तरातून घरी येतो आहे. सही करण्याआधी तो पोराकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि वेचणीचे तुमचे दिवस त्याच कागदाच्या मागे लिहून पाठवा.