गणपतीचा ब्लॉक आणि तुझे तीन फूटर

पुणे, शनिवार रात्र

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

लोकांच्या साइट बांधून देतेस, बिलं काढतेस, तरी घरातलं नाव काही सुटत नाही. चालवून घे.

परवा फोनवर म्हणालीस, ‘मामा, वाचनालय, त्यांची अभ्यासिका आणि व्याख्यानमाला अशा तीन साइट आहेत आणि तोच फूटर मी तिन्हीकडे चिकटवलाय.’ मग हसत हसत हेही सांगितलंस की संस्थेचा नंबर बदलला तेव्हा दोन ठिकाणी बदललास आणि तिसरं, अभ्यासिकेचं, राहिलं.

आजोबांच्या ट्रेडलवर लग्नपत्रिका छापल्या जायच्या तेव्हा गणपतीचा ब्लॉक एकच असे. लग्न कुणाचंही असो, वर तोच बसायचा आणि खाली खिळे जुळवून नावं यायची. एकदा ब्लॉक हातातून पडला, सोंडेवर ओरखडा उठला, आणि त्या मोसमातल्या सगळ्या पत्रिकांच्या गणपतीला तो ओरखडा मिळाला. तू आता फूटरचं मॉड्यूल करायला निघाली आहेस तर ब्लॉकबरोबर ओरखडाही ध्यानात असू दे.

तू ज्यात साइट बांधतेस त्या ह्यूगोत मॉड्यूलं आली जुलै २०१९मध्ये, ०.५६ आवृत्तीबरोबर. त्याआधी थीमचं फोल्डर उचलून आणायचं किंवा गिटचं सबमॉड्यूल करायचं आणि मग त्याच्याशी झटापट करत बसायचं. ह्यूगो गो भाषेत लिहिलेला, म्हणून त्यांनी गोचीच मॉड्यूल-यंत्रणा जशीच्या तशी वापरली. तुला गो येत नसली तरी मशीनवर गो आणि गिट दोन्ही हवेत, ते यामुळे. ‘ह्यूगो मॉड इनिट’ केलंस की गो.मॉड नावाची फाइल तयार होते. तिच्यात कुठलं मॉड्यूल, कुठली आवृत्ती याची नोंद राहते. शेजारच्या गो.समला हात लावू नकोस. तिच्यात आणलेल्या मालाचे चेकसम असतात, आणि कुणी मागाहून त्याच आवृत्तीच्या नावाखाली वेगळा माल घातला तर ती बोंब मारते. दोन्ही फाइली गिटमध्ये गेल्या पाहिजेत.

(आज्ञा देवनागरीत लिहितोय. हाताने लिहिताना मध्येच रोमनमध्ये शिरायचा मला कंटाळा येतो. तू उलट करून टाइप कर.)

आता खरं सांगायचंय ते. मॉड्यूल आणणं फार सोपं आहे. कॉन्फिगमध्ये इम्पोर्टखाली पत्ता लिहायचा, झालं. त्याहून सोपं आहे त्यातली फाइल बदलणं: त्याच नावाची फाइल आपल्या लेआउट्समध्ये ठेवली की ह्यूगो आपली घेतो, मॉड्यूलची सोडतो. दोन मॉड्यूलांत एकाच नावाची फाइल असेल तर यादीत जे वर ते जिंकतं. इतकं सोपं आहे म्हणूनच जपून कर. तू उचलून आणलेली फाइल त्या दिवशीची असते. पुढे मूळ लेखकाने चूक सुधारली तरी ती तुझ्यापर्यंत येत नाही, कारण तुझी जुनी प्रत वाटेत उभी असते. अपडेट यशस्वी झाल्याचा संदेश मात्र दिमाखात येतो. तिसऱ्या साइटच्या फोन नंबरचंही हेच झालं, फक्त तिथे प्रत तुझी आणि मूळही तुझंच.

म्हणून अख्खी फाइल उचलण्याआधी बघ, ते काम आणखी कुठून होतंय का. कॉन्फिगमधले पॅराम्स बघ. ते खोलवर मिसळतात: मॉड्यूलने पाच गोष्टी ठरवल्या असतील आणि तू एक लिहिलीस, तर उरलेल्या चार मॉड्यूलच्या राहतात. आय-अठरा-एनच्या आणि डेटाच्या फाइलींचंही तसंच, त्या किल्लीगणिक मिसळतात. ‘रीड मोअर’चं ‘पुढे वाचा’ करायला मराठीच्या, म्हणजे एमआरच्या, फाइलीत ती एक ओळ पुरते. लेआउट्स, स्टॅटिक आणि आर्किटाइप्स मात्र अख्ख्या फाइलीने बदलतात, तिथे अधलंमधलं काही नाही. तुझं स्वतःचं मॉड्यूल लिहिताना हे उलट बाजूने वापर. संस्थेचं नाव, पत्ता, फोन पॅराम्समधून घे, शब्द आय-अठरा-एनमधून घे, आणि जिथे प्रत्येक साइटला काही वेगळं घालावंसं वाटणार तिथे एक रिकामं छोटं पार्शल ठेव. ज्याला हवं तो तेवढंच बदलेल.

थीमच्या कॉन्फिगमधलं सगळंच आपल्या साइटमध्ये उतरत नाही, हे बरंच आहे. उदाहरणार्थ, रिमूव्ह-पाथ-ॲक्सेंट्स नावाचं एक सेटिंग आहे. युरोपातल्या भाषांच्या अक्षरांवरची चिन्हं ते पत्त्यातून काढून टाकतं. आपल्याकडे ते चालू केलंस तर उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे जातात, कारण युनिकोडच्या लेखी तीही तसलीच चिन्हं. ‘पुणे’चं ‘पण’ होतं. थीम कुणाची कुठली असते. तिने आपल्या पत्त्यांत हात घालू नये.

माउंटबद्दल स्वतःची फजिती सांगतो. ह्यूगोचे सात कप्पे आहेत: कंटेंट, लेआउट्स, स्टॅटिक, ॲसेट्स, डेटा, आय-अठरा-एन, आर्किटाइप्स. कुठलंही फोल्डर यातल्या कुठल्याही कप्प्यात बसवता येतं, त्याला माउंट म्हणायचं. ही ताकद मोठी आहे: बूटस्ट्रॅप ह्यूगोसाठी लिहिलेलं नाही, तरी त्याचं एससीएसएसचं फोल्डर तेवढं ॲसेट्समध्ये बसवून वापरता येतं. तर मी काय केलं, फॉन्टचं एक वेगळं फोल्डर होतं ते स्टॅटिकखाली बसवलं. एक माउंट लिहिला, साइट विनातक्रार बांधली गेली, फॉन्ट आले आणि एकूण एक फोटो गायब झाले. रात्री दीडपर्यंत मी फोटोंची नावं तपासत होतो. कारण एवढंच, की स्टॅटिक हा कप्पा एरवी आपोआप बसवलेला असतो, आणि त्याच्यासाठी तुम्ही स्वतःचा माउंट लिहिलात की ह्यूगो आपला आपोआपचा माउंट काढून घेतो. कारभार तुम्ही हातात घेतलात, आता सगळा तुम्हीच सांगा, असा त्याचा हिशेब. स्टॅटिक-ते-स्टॅटिक ही साधी ओळ आधी लिहायला हवी होती. तू ‘ह्यूगो कॉन्फिग माउंट्स’ चालवून बघत जा, काय कुठे बसलंय ते दिसतं.

आवृत्त्यांचं गणित थोडं वेगळं आहे. समज, एका मॉड्यूलला तिसऱ्याची किमान १.२ हवी आणि दुसऱ्याला किमान १.४. गो १.४ आणतो. बाजारात १.६ आली असली तरी कुणी मागितली नाही तर आणत नाही. मला हा संयम आवडतो. नवं हवं असेल तेव्हा तू स्वतः ‘ह्यूगो मॉड गेट’ला मॉड्यूलचा पत्ता दे, आणि एका वेळी एकाच मॉड्यूलचा. सगळं एकदम अपडेट करायची आज्ञाही आहे. शुक्रवारी संध्याकाळी ती चालवू नकोस. आणि कुणी २.० काढली तर पत्त्याच्या शेवटी व्ही२ लावावं लागतं, नाहीतर तू वर्षानुवर्षं अपडेट करत राहशील आणि राहशील १ वरच.

मॉड्यूल घडवताना ते मशीनवर शेजारच्या फोल्डरमध्ये असेल, आणि दर वेळी पुश करून बघणं जिवावर येईल. त्यासाठी रिप्लेसमेंट आहे. पण ती कॉन्फिगमध्ये लिहू नकोस, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दे. कॉन्फिगमधली ओळ चुकून कमिट होते, आणि सर्व्हरवर तुझं शेजारचं फोल्डर नसतं.

काम संस्थेच्या ताब्यात देशील तेव्हा ‘ह्यूगो मॉड व्हेंडर’ कर. सगळी मॉड्यूलं साइटच्याच पोटात येतात, मग नेट नसलं किंवा मूळ रेपो उडाला तरी साइट बांधली जाते. फक्त पुढे आवृत्ती बदललीस तर व्हेंडर परत कर, नाहीतर ह्यूगो पोटातला जुनाच माल वापरेल आणि तू मला फोन करशील.

हेडरचं मॉड्यूल मात्र इतक्यात करू नकोस. तिन्ही हेडर सारखे दिसतात, पण व्याख्यानमालेचा दर वर्षी बदलणार हे तूच म्हणाली होतीस. फूटरचं कर.

आणि मॉड्यूल होईस्तोवर थांबू नकोस, तिसऱ्या साइटवरचा नंबर आज रात्रीच हाताने बदल. अभ्यासिकेची पोरं त्या बंद नंबरवर फोन लावत असतील.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा