बुचाची फुलं आणि भिगवणची नाव

प्रश्न : वर्षापूर्वी निवृत्त झाले. दिवाळी संपली, मुलं परत गेली. थंडीत घर फार मोठं वाटतं. मन कशात रमवू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, उद्या सकाळी शाल गुंडाळून खाली उतरा. सध्या बुचाला बहर आहे. रात्री उमललेली लांब देठांची पांढरी फुलं झाडाखाली पडलेली असतात. ओंजळभर वेचा आणि देठात देठ अडकवत वेणी गुंफा. सुई-दोरा लागत नाही. लहानपणी केली असेल, तर बोटांना आठवेलच.

नदीकाठी शेपटी सतत वरखाली हलवणारा करडा धोबी दिसेल. हिमालयाकडून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा. वहीत त्याचं चित्र काढा. वाकडं आलं तरी चालेल. पोटाचा तो पिवळा रंग नीट पाहिला जातो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

प्रवास जानेवारीसाठी ठेवा. भिगवण पुण्याहून सुमारे १०० किलोमीटर. उजनी धरणाच्या फुगवट्यावर तेव्हा रोहित पक्षी असतात. पहाटेची नाव घ्या, नावाड्याला थव्यापासून लांबच थांबायला सांगा.

झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटा. आणि भिगवणसाठी मैत्रिणीला आजच फोन करा.