प्लेट घातलेला पाय पुन्हा सुजला तर

बाळा, शेरूच्या पायातून परत पू यायला लागल्याचं तुझ्या आईने सांगितलं. आधी एक कर, कुणाला दोष देत बसू नकोस. अशा जखमांत नेहमी सापडणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस हा जंतू चांगल्या धडधाकट कुत्र्यांच्याही कातडीवर आणि नाकात असतो. रांजणाला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा तो प्लेटवर आणि स्क्रूंवर थर धरतो आणि औषध त्या थराआड पुरतं पोचत नाही. म्हणून गोळ्या चालू असेतो पाय बरा दिसतो आणि संपल्या की पुन्हा ओल येते.

तेव्हा अंदाजाने तिसरं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचार, "कल्चर करायचं का?" वर वाहणारा पू कापसाने टिपून पाठवला तर बऱ्याचदा कातडीवरचेच जंतू उगवतात. नमुना खोलातून, डॉक्टरांच्याच हातून घेतलेला हवा. त्याआधी चालू गोळी थांबवायची की नाही हेही तेच ठरवतील, तू आपल्या मनाने बंद करू नकोस. अहवालाला काही दिवस लागतात. त्यात मेथिसिलिनला दाद न देणारा जंतू निघाला तर हबकून जाऊ नकोस, त्यावरही चालणारी औषधं बहुधा सापडतात. पण ड्रेसिंगच्या आधी आणि नंतर साबणाने हात धू, आणि आजोबांना त्या जखमेला हात लावू देऊ नकोस.

रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघ. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून शेपटीखाली हळूच घालायचा. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो, आपल्या मापाने मोजू नकोस. १०३ च्या वर गेला तर फोन कर. १०४ झाला, किंवा खाणं सोडून तो कोपऱ्यात पडून राहिला, तर रात्र असली तरी उचलून ने.

पट्टी बांधलेली असेल तर मधली दोन बोटं उघडी दिसतात, ती निरखत जा. नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली, बोटं गार लागली किंवा सुजली, तर पट्टी आवळलीय. त्याच दिवशी ती सोडवून घ्यायची. बाहेर नेताना वर प्लास्टिकची पिशवी बांध, घरात आल्याबरोबर काढ, नाहीतर आत घाम धरतो. पावसाळ्यात तर उघड्या जखमेवर माशी बसूच द्यायची नाही, एका दिवसात अळ्या पडतात. आणि गळ्यातली कॉलर! तो केविलवाणा बघतो म्हणून तुझा जीव कळवळणार, तरी काढायची नाही. चाटणं म्हणजे तोंडातले जंतू थेट टाक्यांत.

हळद, डेटॉल, पेरॉक्साइड काही लावू नकोस. माणसांची आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल तर अजिबात नको, त्यांनी कुत्र्यांची पोटं आणि मूत्रपिंडं जातात, यकृतही. डॉक्सीसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन दिलं असेल तर गोळी पेढ्यात किंवा दहीभातात लपवायची नाही, दुधातल्या कॅल्शियमने ती अंगी लागत नाही. उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात दे, पण शिजवताना त्यात कांदा-लसूण टाकू नकोस. घरातल्या गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या अंथर. पाय घसरला की आतलं सगळं हलतं, आणि हललेल्या हाडाला जंतू सोडत नाही.

प्लेट लगेच काढा म्हणून मागे लागू नकोस. मोठ्या कुत्र्याचं हाड जुळायला साधारण २ ते ३ महिने जातात, जंतू असेल तर जास्तच. तोवर प्लेट घट्ट असेल तर ती हाडाला धरून ठेवते. औषधाने जंतू दाबून ठेवायचा, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं की प्लेट काढायची, हाच बहुधा मार्ग असतो. एक्स-रेत स्क्रू सैल झालेला दिसला तर मात्र थांबता येत नाही. खर्च आधीच विचारून घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दुसरं मत घेता येतं.

आणि प्लेट काढतील त्या दिवशी ती तशीच टाकून द्यायला देऊ नकोस. ती आणि आतला थोडा भाग कल्चरला पाठवायला सांग. पुढच्या गोळ्या कोणत्या आणि किती दिवस, ते त्यावरून ठरवता येतं.