सत्ता परत देणारा सेनापती

मित्रांनो, जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लहान जॉर्जने कुऱ्हाडीने वडिलांचे झाड तोडले आणि विचारताच खरे सांगून टाकले, अशी ती गोष्ट. गोष्ट चांगली आहे. पण ती घडलेली नाही, असे इतिहासकार मानतात. वीम्स नावाच्या लेखकाने ती १८०६ साली, वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, त्यांच्या चरित्रात घातली. थोर माणसाला खोट्या गोष्टीची गरज नसते. त्यांच्या आयुष्यात खरोखर काय घडले, ते पाहा.

अमेरिकेतील तेरा वसाहतींवर तेव्हा इंग्लंडच्या राजाची सत्ता होती. १७७५ मध्ये युद्ध सुरू झाले. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, वॉशिंग्टन यांना सरसेनापती नेमले. त्यांनी पगार नाकारला. फक्त खर्च मागितला आणि त्याचा हिशेब ठेवला.

आठ वर्षांनी युद्ध संपत आले. पण तिजोरी रिकामी होती. फौजेचे पगार कित्येक महिने थकले होते. न्यूबर्ग येथील छावणीत निनावी पत्रे फिरू लागली. फौजेने काँग्रेसला धाक दाखवावा, असा त्यांचा आशय होता.

१५ मार्च १७८३ रोजी वॉशिंग्टन अधिकाऱ्यांसमोर उभे राहिले. त्यांची तक्रार खरी आहे, हे वॉशिंग्टन यांना ठाऊक होते. तरीही या मार्गाने जाऊ नका, असे त्यांनी कळकळीने सांगितले. मग एक पत्र वाचण्यासाठी त्यांनी खिशातून चष्मा काढला. त्यांना चष्मा लावलेले फार थोड्यांनी पाहिले होते. देशाच्या सेवेत केस पिकले, आता नजरही मंदावली, अशा अर्थाचे ते सहज बोलून गेले. कित्येकांचे डोळे पाणावले. अधिकाऱ्यांनी काँग्रेसवर विश्वास असल्याचा ठराव केला.

त्याच वर्षी तह झाला. २३ डिसेंबर १७८३ रोजी ॲनापोलिस येथे वॉशिंग्टन यांनी काँग्रेसला राजीनामा दिला आणि ते माउंट व्हर्नन येथील आपल्या शेतीवर परतले. विचार करा, केवढी कीर्ती होती त्यांच्या हाती! फ्रान्समध्ये असाच विजयी सेनापती नेपोलियन १८०४ मध्ये सम्राट होऊन बसला.

१७८९ मध्ये वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ते दोनदा निवडून आले. तिसऱ्यांदा उभे राहण्यास कायद्याची मनाई नव्हती. तरी त्यांनी नकार दिला आणि १७९७ मध्ये जॉन ॲडम्स यांच्याकडे कारभार सोपवला. पुढे १९४० पर्यंत एकही राष्ट्राध्यक्ष तिसऱ्यांदा निवडून आला नाही. त्या वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा आणि १९४४ मध्ये चौथ्यांदा निवडून आले. तेव्हा १९५१ मध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती झाली. आता तेथे कोणालाही या पदावर दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येता येत नाही. एका माणसाचा संयम आधी रिवाज झाला आणि मग कायदा.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या वॉशिंग्टन यांच्या शेतीवर गुलाम राबत होते. आपल्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्तीची सोय त्यांनी मृत्युपत्रात केली. जिवंतपणी मात्र नाही. सत्ता सोडणे त्यांना जमले, हा अन्याय सोडणे वेळेवर जमले नाही.

मुलांनो, आज तुम्ही वर्गाचे मॉनिटर किंवा संघाचे कप्तान असाल. उद्या मतदार व्हाल. माणूस पद कसे मिळवतो, हे सगळेच पाहतात. तो ते कसे सोडतो, हे तुम्ही पाहा.

शब्दार्थ
थकणे – (येथे) देणे बाकी राहणे
निनावी – गुमनाम
राजीनामा – इस्तीफा (उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे समझोता; मराठीत अर्थ वेगळा)
राज्यघटना – देशाचा मूळ कायदा, दस्तूर
मृत्युपत्र – वसीयतनामा

स्वाध्याय
१. न्यूबर्गच्या छावणीत असंतोष का होता?
२. ‘संयम आधी रिवाज झाला आणि मग कायदा’ हे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. वॉशिंग्टन यांच्या वागण्यातील कोणती गोष्ट तुम्हांला पटली? कोणती पटली नाही? कारणे लिहा.