मुलगा वर्गात गप्प असतो. शिक्षकांनी डॉक्टरांना काय सांगावं?

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. दिवाळीपासून वर्गात गप्प असतो. वर्गशिक्षक म्हणतात, भंडाऱ्याला मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. यात शाळेचा काय संबंध? आणि पुढे दाखल्यावर तर काही येणार नाही ना? – एक पालक, शहापूर (जि. भंडारा)

उत्तर : आधी दाखल्याची भीती काढून टाकू. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आजाराचा रकानाच नसतो. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठरवली आहे. मूल अठराच्या आतलं असेल, तर शाळेला काय कळवायचं हे सहसा आईवडीलच ठरवतात.

आता शाळेचा संबंध. डॉक्टरांना मुलगा जेमतेम अर्धा तास दिसतो, तोही अनोळखी खोलीत, आईबापांशेजारी बसलेला. शिक्षक त्याला रोज पाच-सहा तास पाहतात. गप्प राहण्याची कारणं अनेक असतात : ऐकू कमी येणं, वाचताना अक्षरांचा गोंधळ होणं, कुणाचा तरी त्रास, घरातलं दुःख किंवा नैराश्य. यातलं नेमकं कोणतं, हे शिक्षकांच्या नोंदींवरून पुष्कळ उलगडतं. म्हणून ‘मुलाला डिप्रेशन आहे’ असं त्यांनी लिहू नये; ते निदान झालं. ‘दिवाळीनंतर भाषेच्या तासाला वही उघडत नाही, डबा एकटाच खातो, खेळाच्या तासाला मात्र रमतो’ असं लिहावं. एवढ्यावरून डॉक्टर आधी अध्ययन अक्षमता तपासतील. ती निघाली, तर प्रमाणपत्रावर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. खेळही सुटला असता, तर विचाराची दिशा वेगळी झाली असती.

उलट बाजूने, तुमच्या संमतीने डॉक्टरांचा निरोप शाळेत यायला हवा. शिक्षकांना आजाराचं नाव नको असतं. वर्गात काय करायचं तेवढं कळलं की पुरे. उदाहरणार्थ : उभं करून वाचायला लावू नका, गोळीमुळे सकाळी सुस्ती येईल, रागावू नका. हा परतीचा निरोप बहुतेक वेळा राहून जातो आणि उपचार घरापुरते उरतात.

शाळेत समुपदेशक नाही म्हणून अडू नका. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा; लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. मुख्याध्यापकांना हे जरूर विचारा.

मनोविकारतज्ज्ञांसाठी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करा. घरून बोलायचं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली, तर शिक्षकांच्या चिठ्ठीची वाट न पाहता त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या.